उतारवयातला नववर्षाचा संकल्प: पाडव्यापर्यंत टिकेल एवढाच

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहणारे ६८ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक लिहितात की, दर १ जानेवारीला ते चार संकल्प करतात: पहाटे पाचला उठून रंकाळा तलावाची पूर्ण फेरी, गोड पूर्ण बंद, रोज दहा हजार पावले आणि रोज दोन पाने लेखन. संक्रांत येईपर्यंत त्यांतला एकही शिल्लक राहत नाही. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो, आणि पुण्याहून आलेल्या मुलाने पावले मोजणारे घड्याळ मनगटावर बांधले आहे. पत्नीचे म्हणणे असे की, "या वयात आता कसले संकल्प, आहे ते सांभाळा." तेव्हा या वयात संकल्प करावा का, आणि करायचा तर कसा, असे त्यांनी विचारले आहे. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून बरीच वर्षे काम करते आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण साठी ओलांडलेले असतात. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर देत आहे. औषधांच्या बाबतीत अर्थातच आपल्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा.

संकल्प अवश्य करावा. काकूंचे म्हणणे मला अर्धे पटते, आणि ते अर्धे फार मोलाचे आहे. आहे ते सांभाळणे हाच या वयातला खरा संकल्प असू शकतो. मात्र सांभाळणे म्हणजे जपून बसून राहणे असा अर्थ घेतला की घात होतो. साठीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे झिजतात आणि त्यांची ताकद त्याहून वेगाने कमी होते. त्यातच एखादे मोठे दुखणे किंवा दवाखान्यातला मुक्काम आला, की आठ-दहा दिवसांच्या अंथरुणाने मांड्यांतली जी ताकद जाते, ती परत मिळवायला कित्येक आठवडे मेहनत करावी लागते. म्हणजे जिथे आहोत तिथेच राहायचे म्हटले तरी रोज काही ना काही करावे लागते. दिलासा देणारी गोष्ट अशी की सत्तरीत आणि ऐंशीतही स्नायू व्यायामाला प्रतिसाद देतात. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या, पायांची क्षमता मुळातच कमी झालेल्या १,६३५ स्त्री-पुरुषांवर केलेला 'लाइफ' हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने नियमित चालणे, पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम केले, दुसऱ्या गटाने आरोग्यावरील व्याख्याने ऐकली. सरासरी अडीच वर्षांनंतर ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावलेल्यांचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ३०.१ टक्के आणि व्याख्याने ऐकणाऱ्यांत ३५.५ टक्के होते. हा फरक डोळे दिपवणारा नाही हे मी मुद्दाम सांगते, कारण व्यायामाने म्हातारपण थांबते असे आश्वासन कोणी देऊ नये. पण ४०० मीटर चालता येणे म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून भाजी आणता येणे, आणि ते ज्याचे जाते त्याला त्याची किंमत कळते.

आपले चारही संकल्प फसले याचे कारण आपले मन कमकुवत आहे हे नव्हे. ते संकल्प चाळिशीतल्या निरोगी माणसाच्या मापाने बेतलेले होते.

रंकाळ्याची फेरी घ्या. पूर्ण प्रदक्षिणा सुमारे चार किलोमीटरची आहे. वर्षभर न चाललेल्या माणसाने दुखऱ्या गुडघ्याने पहिल्याच दिवशी ती पूर्ण केली, की संध्याकाळी गुडघा सुजतो, दुसऱ्या दिवशी चाल लंगडी होते, तिसऱ्या दिवशी घरचे अडवतात आणि चौथ्या दिवशी संकल्प मोडल्याची खंत तेवढी उरते. शिवाय फेरीत एक अडचण अशी असते की दमल्यावर मधूनच सुटका होत नाही. अर्ध्यावर थकलेल्या माणसाला पुढे जायचे काय आणि मागे फिरायचे काय, अंतर तेवढेच पडते. म्हणून मी सुरुवातीला कोणालाही फेरी सांगत नाही. संध्यामठाच्या बाजूने सुरुवात केलीत तर घड्याळ लावून आठ मिनिटे पुढे जा, एखाद्या बाकावर दोन मिनिटे टेका आणि आलात त्याच वाटेने परत या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीपेक्षा जास्त दुखत नसेल तर आठवड्याने दोन मिनिटे वाढवा. वेळेचेही तसेच. जानेवारीतली पहाट पाचची वेळ ही काळोखाची आणि गारठ्याची असते. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो, त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णाने त्या वेळी घराबाहेर पडून भरभर चालण्यात शहाणपण नाही. साडेसातला कोवळे ऊन पडल्यावर निघालात तर संकल्पाला कोणताही उणेपणा येत नाही. निवृत्तीनंतर वेळ आपल्या हातात आलेला असतो, आणि तरीही पहाटेचा हट्ट धरणारे अनेक जण मला भेटतात, याचे मला वाईट वाटते.

गोडाचे गणित तर आपल्या पंचांगातच फसलेले आहे. १ जानेवारीला "गोड पूर्ण बंद" म्हणायचे आणि दोन आठवडे उलटायच्या आत भोगी आणि संक्रांत. दारात येणारा प्रत्येक जण हातावर तिळगूळ ठेवणार. त्यात हे दिवस आपल्याकडे गुऱ्हाळांचे. नवा गूळ आणि काकवी घरात आली नाही असे कोल्हापुरी घर विरळाच. एक वडी खाल्ली की संकल्प मोडला, आणि मोडलाच आहे तर मग दोन खाऊ, असे मन चालते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी: साखर सोडून गुळाचा चहा घेणे म्हणजे गोड सोडणे नव्हे. गूळही मुख्यतः साखरच आहे आणि रक्तातली साखर त्यानेही वाढते. आपल्या भागाचा गूळ कितीही चांगला असला तरी हे खरे आहे. यापेक्षा "दिवसातले दोन्ही चहा बिनसाखरेचे" एवढेच ठरवा. सणाची एक वडी जेवणानंतर खाल्ली तर ती ठरलेल्यातच धरा, मोडलेल्यात नको. आणि गोड बंद करण्याच्या भरात जेवण टाळू नका, कारण मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेत असताना पोट रिकामे राहिले तर रक्तातली साखर एकाएकी खाली येऊ शकते, आणि त्या भोवळीत पडणे हे एखाद्या वडीपेक्षा कितीतरी महाग पडते.

दहा हजार पावलांचा आकडा कुठून आला हे आपल्या चिरंजीवांनाही सांगा. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजण्याचे एक उपकरण बाजारात आले आणि त्याच्या नावातच हा दहा हजारांचा आकडा होता; तो विक्रीसाठी निवडलेला गोल आकडा होता, कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून निघालेला नव्हे. पुढे २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांची पावले मोजून झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांच्या पुढे फायदा वाढत गेला नाही. चालल्यामुळेच आयुष्य वाढले असे अशा निरीक्षणावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण ज्यांची प्रकृती बरी असते तेच जास्त चालतात. तरीसुद्धा दहा हजार झाले नाहीत म्हणून रात्री दहाला घरातल्या घरात येरझाऱ्या घालण्याची गरज नाही, एवढे यातून नक्की कळते. घड्याळ हातात आहेच तर पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त नोंद ठेवा. समजा रोजची सरासरी २,५०० निघाली, तर पुढचे तीन आठवडे ३,००० हे आपले लक्ष्य.

लेखनाबद्दल मी फार बोलणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. रोज दोन पानांऐवजी आठवड्यातून दोन ठरलेल्या दुपारी एकेक पान लिहावे आणि ते करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन लिहावे, असे मात्र सुचवेन. १८५० पासूनचे हे ग्रंथालय आपल्याला परिचित असेलच. त्या निमित्ताने घराबाहेर पडणे होते, चार माणसे भेटतात, आणि माझ्या दृष्टीने त्या चालण्याचेही मोल आहे.

आता चारांऐवजी यंदा एकच संकल्प ठेवायचा. वार्धक्याचा अभ्यास करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल आणि मार्गरेट बाल्टेस या दांपत्याने १९९० च्या सुमारास एक विचार मांडला, जो माझ्या कामात मला सतत उपयोगी पडतो: वय वाढते तशी शक्ती मर्यादित होत जाते, म्हणून कमी गोष्टी निवडाव्यात, निवडलेल्यांचा सराव वाढवावा आणि जे पूर्वीसारखे जमत नाही त्याला दुसरी वाट काढावी. ते पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण देत. उतारवयात रुबिनस्टाइन कमी रचना वाजवत, त्यांचा सराव अधिक करत, आणि द्रुत भागाच्या आधीचा भाग मुद्दाम अधिक संथ ठेवत, म्हणजे पुढचा भाग ऐकणाऱ्याला वेगवान वाटे. यात हार मानणे कुठेही नाही.

निवड कशी करायची? मी माझ्याकडे येणाऱ्यांना वजन किती कमी करायचे किंवा किती किलोमीटर चालायचे हे आधी विचारत नाही. पंचाहत्तरीत स्वतःच्या पायांनी काय करता यायला हवे, असे विचारते. उत्तरे फार वेगवेगळी येतात. कोणाला चैत्र यात्रेची गर्दी ओसरल्यावर जोतिबाच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता चढायच्या असतात. कोणाला नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत उभे राहण्याएवढा दम हवा असतो. एका आजींना फक्त एवढेच हवे होते की माहेरच्या गावी एसटीने एकटीने जाता यावे. हे शेवटचे उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. राज्यात ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना एसटीचे भाडे निम्मे आहे आणि २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे, पण साध्या गाडीची पहिली पायरी इतकी उंच असते की सवलत मिळूनही कित्येकांना त्या पायरीने घरी बसवलेले आहे. तिकिटाची अडचण सरकारने सोडवली. पायरीची अडचण मांडीच्या स्नायूंनीच सोडवावी लागते. असा एकदा हेतू ठरला की कोणता संकल्प ठेवायचा याचे उत्तर आपोआप मिळते, आणि दहापैकी आठ जणांच्या बाबतीत ते उत्तर पायांची ताकद आणि तोल हेच असते.

आपल्यासाठीही मी तोच निवडेन. जिना उतरताना दुखणाऱ्या गुडघ्याला मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद हा मोठा आधार असतो, म्हणून नुसत्या चालण्यापेक्षा हा व्यायाम आपल्याला अधिक उपयोगी आहे. त्याला साधन लागते ते एका खुर्चीचे. बिनहाताची, न घसरणारी, बैठक साधारण सतरा इंच उंच असलेली जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती मागे सरकते. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावले नितंबांएवढ्या अंतरावर ठेवा आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. दोन्ही हात छातीवर घडी घालून, नाक पायांच्या बोटांच्या रेषेत येईल इतके पुढे झुका आणि श्वास सोडत उभे राहा. श्वास रोखून धरू नका, त्याने रक्तदाब चढतो. खरा व्यायाम बसताना होतो: धप्पकन अंग टाकू नका, मनात चार आकडे मोजत सावकाश खाली या. गुडघे आत एकमेकांकडे झुकत असतील तर पावले जरा बाहेरच्या बाजूला वळवा. हात न लावता उठणे जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करा, किंवा पहिले काही आठवडे हातांचा आधार घेऊनच करा. जे जमते तिथून सुरुवात करणे यात काहीही कमीपणा नाही.

सुरुवातीला एकदा माप घ्या. घरातल्या कोणाला तरी घड्याळ धरायला सांगून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजा. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या तक्त्यानुसार ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा आणि स्त्रीला ११ पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे आणि पडण्याचा धोका वाढलेला आहे असे धरतात. आकडा सात आला तरी खचून जाऊ नका, तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. रोजच्या व्यायामाला हे माप लावायचे नाही. रोज सावकाश पाच-पाच उठबशांचे दोन गट, मध्ये मिनिटभर विश्रांती, आणि दोन-तीन आठवड्यांनी एखाद-दुसरी वाढवणे, एवढे पुरे.

त्याला तोलाचा एक व्यायाम जोडा. स्वयंपाकघराच्या ओट्याकडे तोंड करून, दोन्ही हातांची बोटे ओट्यावर टेकवून, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावून उभे राहा आणि दहा आकडे मोजा. मग पावले बदला. जमू लागले की दहाऐवजी दोन बोटांचा आधार ठेवा. ओटा हाताशी असेपर्यंतच हे करायचे, खोलीच्या मधोमध उभे राहून नव्हे. साठीपुढच्या, आपापल्या घरी राहणाऱ्या लोकांवरील शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते असे दिसले, आणि तोलाचे व त्यासारखे रोजच्या हालचालींचे व्यायाम त्यात महत्त्वाचे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ वर्षांपुढील लोकांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणारी हालचाल सांगितली आहे. हे पोहोचण्याचे ठिकाण आहे, १ जानेवारीचा गृहपाठ नव्हे. त्याच शिफारशीत काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे असेही म्हटले आहे आणि मी त्या वाक्यापासून सुरुवात करायला सांगते.

व्यायाम कळला तरी तो रोज होण्याचा प्रश्न उरतोच. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की "मी व्यायाम करीन" असा नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा केव्हा, कुठे आणि कसा हे आधीच ठरवणाऱ्यांचा निश्चय अधिक तडीस जातो. आपल्या घरात सकाळचा पहिला चहा होतो तो क्षण रोज येतोच, पाव्हणे असोत की सण असो. म्हणून वाक्य असे लिहा: "सकाळचा चहा पिऊन कप बेसिनमध्ये ठेवला की मी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर दहा उठबशा करीन आणि मग ओट्याशी तोलाचा व्यायाम." घड्याळातल्या वेळेपेक्षा आधीच्या कृतीला बांधलेली सवय जास्त टिकते, असा माझा अनुभव आहे, वेळ चुकते, चहा सहसा चुकत नाही.

दुसरी गोष्ट, संकल्पाचे माप आपल्या सर्वांत वाईट दिवसावरून ठरवा. रात्री झोप लागली नाही, गुडघा ठणकतो, एखाद्या मयताला जाऊन आलात, अशा दिवशी काय जमेल? दोन उठबशा जमतील ना? मग दोन हा आपला संकल्प आणि दहा हा आपला नेहमीचा दिवस. ज्या दिवशी दोन झाल्या तो दिवस कॅलेंडरवर पूर्ण म्हणून खुणवायचा. हा सल्ला ऐकून बरेच निवृत्त शिक्षक आणि अधिकारी नाराज होतात, त्यांना ही पळवाट वाटते, कारण आयुष्यभर शंभर टक्के हजेरीची सवय असते. पण चांगल्या दिवसाच्या मापाने केलेला संकल्प पहिल्याच वाईट दिवशी मोडतो, आणि या वयात वाईट दिवस येणारच हे धरून चालणे हाच त्यातला व्यवहार आहे.

सवय मुरायला किती दिवस लागतात याचे २१ दिवस हे उत्तर सर्वत्र ऐकू येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा काळ सरासरी ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांत तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसले. ते स्वयंसेवक उतारवयातले नव्हते, तेव्हा आपण याहून अधिक अवकाश द्यावा. म्हणून मी १ जानेवारीला पूर्ण वर्षाचा संकल्प करायला सांगतच नाही. १ जानेवारी ते गुढीपाडवा हा साधारण अडीच ते साडेतीन महिन्यांचा काळ चाचणीचा धरा. या काळात माप बदलायची, वेळ बदलायची, व्यायामाची खोली बदलायची पूर्ण मोकळीक आहे. जे टिकेल त्याचा पाडव्याला, घरची गुढी उभारून झाल्यावर, वर्षासाठी संकल्प करा. साडेतीन मुहूर्तांतला तो एक पूर्ण मुहूर्त आहे, आणि तोवर आपल्याला स्वतःबद्दल पुरेशी माहिती मिळालेली असेल.

खंड पडणार हे गृहीत धरून परत सुरू करण्याचा नियमही आजच लिहून ठेवा, कारण खंड पडल्यावर मन तो नियम करू देत नाही. एक दिवस चुकला तर काही करायचे नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे करायचे. चुकलेल्याची भरपाई म्हणून वीस उठबशा काढायच्या नाहीत. आठवडाभर आजारी पडलात तर परत येताना निम्म्यापासून सुरुवात. आणि पावसाळ्याची सोय आत्ताच करा. जून ते सप्टेंबरचा आपला पाऊस, शेवाळलेल्या फरशा, पंचगंगेला पाणी वाढले की बंद होणारे रस्ते, या दिवसांत रंकाळ्यावरचे चालणे खंडित होणारच. खुर्ची घरात असते, म्हणूनही मी तिला पहिले स्थान देते. चालण्यासाठी एखाद्या मंगल कार्यालयाचा व्हरांडा, मंदिराचा मंडप किंवा आपल्याच इमारतीचे आच्छादित पार्किंग बघून ठेवा.

आहाराविषयी एकच सांगते. ताकदीचा व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठाला प्रथिने पुरेशी लागतात, आणि आपल्याकडच्या शाकाहारी ज्येष्ठांच्या रात्रीच्या जेवणात ती बहुधा कमी पडतात, कारण "रात्री हलके" म्हणून दूध-भाकरीचा चतकोर किंवा नुसती पेज घेतली जाते. दोन्ही वेळच्या जेवणात उसळ, घट्ट वरण, दही, अंडे किंवा मासा-मटणातले काहीतरी असावे. रविवारचे मटण सोडायची गरज नाही. रश्शावरचा कट आणि मीठ यांचा हात आखडता घ्यावा, फोड खावी. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध ही आपल्याकडची आवडीची गोष्ट असली तरी या वयात दूध तापवूनच प्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

वर मी थोडे थोडे, जमेल तेवढे, असे सांगत आले, त्याला एक अपवाद आहे. तंबाखू, मिश्री किंवा विडी असेल तर तिथे कमी करणे हा संकल्प पुरेसा नाही, तिथे सोडण्याचाच संकल्प करावा. सत्तरीत सोडल्यानेही फायदा होतो. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते.

ज्यांच्या घरात याच वर्षी जोडीदार गेला आहे किंवा मोठे दुखणे आले आहे, असे काही वाचकही हे उत्तर वाचतील. त्यांनी यंदा स्वतःवर कोणताही संकल्प लादू नये असे मला मनापासून वाटते. वेळेवर जेवण, वेळेवर औषध आणि दिवसातून एकदा कोणाशी तरी प्रत्यक्ष बोलणे, एवढे झाले तरी ते वर्ष सांभाळले.

सुरुवात करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: माझ्या गोळ्यांपैकी कोणत्या गोळीने साखर खाली जाऊ शकते, आणि व्यायामाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी? अंथरुणातून उठताना आधी कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा, कारण रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठल्याबरोबर तोल जाऊ शकतो. चालताना कोल्हापुरी चप्पल नको. तिचे गुळगुळीत चामडी तळवे ओल्या फरशीवर घसरतात आणि टाच मोकळी राहते. मागून बंद, रबरी तळव्याचे बूट घ्या, आणि मधुमेह असल्यामुळे घरी आल्यावर दोन्ही तळपाय उजेडात बघा. व्यायामात गुडघ्याला थोडा ताण जाणवला आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तो ओसरला तर हरकत नाही. सूज आली किंवा दुखणे वाढत गेले तर माप निम्मे करा आणि तपासून घ्या. छातीत दडपण, नेहमीपेक्षा वेगळा दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांतले काहीही झाले तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. घरी बसून वाट पाहू नका.

शेवटी काकूंविषयी. आपण त्यांचे वय लिहिलेले नाही, पण खुर्चीची चाचणी त्यांचीही घ्या आणि तो आकडा आपल्या आकड्याशेजारी लिहा. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींचा संकल्प मोडतो तो आळसाने नव्हे. सकाळचा वेळ त्यांच्या हातात नसतो म्हणून मोडतो. चहा, नाश्ता, देवपूजा आणि कामवाल्या बाईंची वेळ यांत त्यांच्या पंधरा मिनिटांना जागाच उरत नाही. तेव्हा चहानंतर आधी त्यांना खुर्चीवर बसू द्या, कप आपण विसळा, दारावर दूधवाला आला तर आपण जा, आणि त्यांचे झाले की मग आपली पाळी घ्या.